विश्लेषण : घर विकत घेतले, पण मुदतीचे! इंग्लंडमधील ‘लीजहोल्ड’ फ्लॅटची मुदत कशी वाढवतात?

लंडन किंवा आसपासच्या शहरांत नोकरीनिमित्त गेलेली अनेक मराठी कुटुंबे काही वर्षांनी तिथे फ्लॅट घेतात. कर्ज मंजूर होते, किल्ल्या हातात येतात, गृहप्रवेशही होतो. पुढे फ्लॅट विकायला किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायला गेल्यावर प्रश्न येतो, ‘लीजची किती वर्षे शिल्लक आहेत?’ तोवर अनेकांनी त्या आकड्याकडे लक्षही दिलेले नसते. हा आकडा 81 आहे की 79, यावर हजारो पौंडांचा फरक पडतो. लीज वाढवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तो कसा वापरायचा, पैसे किती लागतात आणि नवा कायदा लागू होईपर्यंत थांबावे का, याचा हा आढावा.

लीजहोल्ड म्हणजे नेमके काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये घराची मालकी प्रामुख्याने दोन प्रकारची असते. ‘फ्रीहोल्ड’मध्ये जमीन आणि इमारत दोन्ही कायमची तुमची. ‘लीजहोल्ड’मध्ये मात्र ठरावीक वर्षांसाठी त्या घरात राहण्याचा, ते विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क विकत घेतलेला असतो. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे जमीनमालकाची राहते. मुदत संपली की घर त्याच्याकडे परत जाते. तिथेच राहत असलेल्या व्यक्तीला काही अटींवर भाडेकरू म्हणून राहता येऊ शकते, पण मालकी संपते आणि बाजारभावाने भाडे सुरू होते.

इंग्लंडमध्ये अशी सुमारे 50 लाख घरे आहेत आणि त्यांत फ्लॅटच जास्त आहेत. स्कॉटलंडमध्ये ही पद्धत नाही. तिथे 20 वर्षांहून अधिक मुदतीची निवासी लीज देण्यास 1974 पासूनच मनाई आहे.

मराठी वाचकाला इथे दोन गोष्टी आठवतील, पण दोन्ही वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे मुंबईची पागडी. पागडीत भाडेकरूने मोठी रक्कम दिलेली असते आणि मालक वेगळा असतो, पण हक्काला शेवटची तारीख नसते. दुसरी म्हणजे नवी मुंबईतील सिडकोची 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याची जमीन. तिथे भाडेपट्टा सहसा सोसायटीच्या नावावर असतो आणि मुदतीची चिंता सगळ्यांची मिळून असते. इंग्लंडमध्ये प्रत्येक फ्लॅटची लीज स्वतंत्र असते. एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोघांपैकी एकाची 150 वर्षे शिल्लक असू शकतात आणि दुसऱ्याची 62.

वर्षे कमी झाल्याने बिघडते काय?

लीज म्हणजे हळूहळू वितळणारी मालमत्ता. 120 वर्षे शिल्लक असताना एक वर्ष कमी झाल्याने किमतीवर फारसा परिणाम होत नाही. 80 च्या खाली मात्र घसरण जाणवू लागते. अनेक बँका 70 ते 80 वर्षांपेक्षा कमी मुदत असलेल्या फ्लॅटवर कर्ज द्यायला का-कू करतात. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा असतो. कर्ज मिळत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक उरते ते रोख पैसे देणारे, आणि ते भाव पाडून मागते.

जाहिरातीतल्या ‘99 वर्षांची लीज’ या शब्दांनीही घोटाळा होतो. 99 हा मूळ आकडा असतो आणि वर्षे मोजायची ती लीजमध्ये लिहिलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून. फ्लॅट केव्हा घेतला, याचा त्याच्याशी संबंध नसतो. 1985 साली सुरू झालेली 99 वर्षांची लीज 2084 मध्ये संपते. म्हणजे 2026 मध्ये तिची 58 वर्षेच उरतात. 1980 च्या दशकात बांधलेल्या असंख्य इमारतींची आज हीच स्थिती आहे.

मुदत वाढवण्याचा हक्क कुठून आला?

लंडनच्या मेफेअर, बेलग्रेव्हिया, चेल्सी अशा भागांतील जमिनी पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या घराण्यांकडे आहेत. ग्रोव्हनर आणि कॅडोगन ही त्यांतली मोठी नावे. 1967 च्या कायद्याने स्वतंत्र घरांच्या लीजधारकांना फ्रीहोल्ड विकत घेण्याचा हक्क दिला. ग्रोव्हनर घराण्याचे प्रमुख असलेल्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या विश्वस्तांनी त्याविरुद्ध थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. 1986 मध्ये ते हरले.

फ्लॅटधारकांना हक्क मिळायला 1993 साल उजाडले. ‘लीजहोल्ड रिफॉर्म, हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट अॅक्ट 1993’ या कायद्याचा निषेध म्हणून तेव्हाच्या ड्यूकनी हुजूर पक्षच सोडला. आज मुदतवाढीची जवळपास सगळी प्रकरणे याच कायद्याखाली चालतात. त्याने लीजधारकाला दोन गोष्टी मिळतात :

- शिल्लक वर्षांमध्ये आणखी 90 वर्षांची भर. 58 शिल्लक असतील तर 148 होतात.
- ‘ग्राउंड रेंट’ म्हणजे भुईभाडे कायमचे शून्य. कायद्याच्या भाषेत याला ‘पेपरकॉर्न’ म्हणतात. वर्षाला मिरीचा एक दाणा इतकेच भाडे, आणि तोही कोणी मागत नाही.

या बदल्यात जमीनमालकाला एकरकमी ‘प्रीमियम’ द्यावा लागतो. तो किती असावा, इथेच सगळा वाद असतो.

हक्क कोणाला आहे?

मूळ लीज 21 वर्षांहून अधिक मुदतीची असली की साधारणपणे हा हक्क मिळतो. पूर्वी फ्लॅट दोन वर्षे नावावर असावा लागे. ही अट 31 जानेवारी 2025 पासून रद्द झाली आहे, त्यामुळे नवा खरेदीदारही लगेच अर्ज करू शकतो. फ्लॅटमध्ये स्वतः राहण्याची अट नाही. तो भाड्याने दिला असेल किंवा मालक पुण्याला परतला असेल, तरी हक्क कायम राहतो. व्यावसायिक लीज, काही धर्मादाय गृहसंस्थांची घरे आणि नॅशनल ट्रस्टच्या मालमत्ता यांना अपवाद आहेत. अर्धी मालकी, अर्धे भाडे अशा ‘शेअर्ड ओनरशिप’च्या घरांसाठी 1993 च्या कायद्याचा मार्ग सहसा खुला नसतो.

प्रीमियम कसा ठरतो?

मुदत वाढल्याने जमीनमालकाचे जे नुकसान होते, ते भरून देणे हे त्यामागचे तत्त्व. त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग भुईभाड्याचा. पुढील सगळ्या वर्षांचे भाडे मालक गमावणार, म्हणून त्याची आजची किंमत काढली जाते.

दुसरा भाग घर परत मिळण्याचा. शिल्लक वर्षे संपल्यावर फ्लॅट मालकाला मिळणार होता, तो आता आणखी 90 वर्षे लांबला. त्या भविष्यातल्या फ्लॅटची आजची किंमत काढण्यासाठी फ्लॅटकरिता साधारणपणे 5 टक्के दर वापरतात. ‘स्पोर्टेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2006 च्या निकालापासून हा दर रूढ आहे.

तिसरा भाग ‘मॅरेज व्हॅल्यू’. नाव गमतीचे असले तरी पैसे इथेच जातात. कमी मुदतीचा फ्लॅट आणि मालकाचा हक्क वेगवेगळे विकले तर जेवढे येतील, त्यापेक्षा दोन्ही एकत्र आल्यावर किंमत जास्त होते. ही वाढ मॅरेज व्हॅल्यू मानतात आणि तिचा निम्मा वाटा मालकाला द्यावा लागतो. मात्र 80 वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असेल तर हा भाग शून्य धरला जातो. 80 चा आकडा कळीचा ठरतो तो यामुळे.

आकड्यांत सांगायचे तर?

समजा, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका दाम्पत्याचा फ्लॅट आहे. लांब मुदतीची लीज असती तर त्याची किंमत 3 लाख पौंड झाली असती. भुईभाडे वर्षाला 200 पौंड आणि ते न वाढणारे आहे. भुईभाड्याचे मूल्य काढायला 6 टक्के दर धरू. कमी मुदतीमुळे फ्लॅटची किंमत 79 वर्षांना पूर्ण किमतीच्या 92 टक्के, 75 ला 90 टक्के आणि 60 ला 80 टक्के उरते, असे मानू. मग अंदाजे हिशेब असा होतो :

- 81 वर्षे शिल्लक : प्रीमियम सुमारे 9,000 पौंड
- 79 वर्षे शिल्लक : सुमारे 16,800 पौंड
- 75 वर्षे शिल्लक : सुमारे 20,500 पौंड
- 60 वर्षे शिल्लक : सुमारे 39,500 पौंड

दोन वर्षांच्या दिरंगाईत 81 चे 79 झाले आणि जवळपास 7,800 पौंड वाढले. यात भुईभाडे आणि परतीच्या हक्काचा वाटा 600 पौंडांपेक्षा कमी आहे. बाकीची सगळी रक्कम मॅरेज व्हॅल्यूची. 75 वर्षांच्या उदाहरणात 20,500 पैकी सुमारे 9,500 पौंड आणि 60 वर्षांच्या उदाहरणात अर्ध्याहून अधिक रक्कम मॅरेज व्हॅल्यूपोटी जाते.

वरची टक्केवारी गृहीत धरलेली आहे. प्रत्यक्षात कमी मुदतीच्या फ्लॅटची किंमत पूर्ण किमतीच्या किती टक्के धरायची, यावरूनच दोन्ही बाजूंचे मूल्यांकनकार भांडतात. मालकाचा तज्ज्ञ ती टक्केवारी कमी सांगतो, म्हणजे प्रीमियम वाढतो. लीजधारकाचा तज्ज्ञ ती जास्त सांगतो. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरने अंदाज येतो, पण त्याच्या भरवशावर नोटीस देणे धोक्याचे. दर दहा-पंधरा वर्षांनी दुप्पट होणारे भुईभाडे असेल, तर पहिला भागही बराच फुगतो.

प्रक्रिया कशी चालते?

सुरुवात कागदपत्रांपासून होते. एचएम लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर काही पौंड भरून आपल्या फ्लॅटची आणि फ्रीहोल्डची नोंद काढता येते. लीजची सुरुवात, मुदत आणि जमीनमालकाचे नाव त्यातून कळते. त्यानंतर दोन माणसे लागतात. पहिला, लीज वाढीच्या कामाचा अनुभव असलेला सर्व्हेअर आणि दुसरा, याच विषयातला सॉलिसिटर. घरखरेदीचे काम करणारा प्रत्येक सॉलिसिटर यात तरबेज असतोच असे नाही.

पुढचा टप्पा ‘सेक्शन 42 नोटीस’. यात फ्लॅट व लीजचा तपशील, देऊ केलेली रक्कम, नव्या लीजच्या अटी आणि मालकाने उत्तर देण्याची तारीख असते. ही तारीख किमान दोन महिन्यांनंतरची असावी लागते. रक्कम कमी सांगता येते, कारण घासाघीस होणारच असते. पण ती अगदीच हास्यास्पद असेल तर नोटीसच अवैध ठरू शकते. ज्या दिवशी ही नोटीस मालकाला दिली जाते, त्या दिवशीची शिल्लक वर्षे आणि त्या दिवशीचे बाजारभाव हिशेबासाठी पक्के होतात. पुढे वाटाघाटी वर्षभर रेंगाळल्या तरी 81 चे 80 होत नाहीत.

मालक अनामत मागू शकतो. देऊ केलेल्या रकमेच्या 10 टक्के किंवा 250 पौंड, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे लागते. तो फ्लॅटची पाहणीही करू शकतो. नोटीस मिळाल्यापासून त्याच्या मूल्यांकनाचा आणि वकिलाचा वाजवी खर्चही, सध्याच्या नियमानुसार, लीजधारकाच्याच माथी येतो. त्यामुळे प्रीमियमशिवाय स्वतःची आणि मालकाची, अशी दुहेरी फी धरूनच पैशांची जुळवाजुळव करावी लागते.

मालक प्रतिनोटीस देऊन हक्क मान्य करतो आणि आपली रक्कम सांगतो. त्यानंतर दोन महिने उलटल्यावर, पण सहा महिन्यांच्या आत, इंग्लंडमध्ये ‘फर्स्ट-टियर ट्रायब्युनल’कडे अर्ज करता येतो. बहुतेक प्रकरणे सुनावणीआधीच मिटतात, पण ही सहा महिन्यांची मुदत चुकली तर नोटीस मागे घेतल्यासारखे मानले जाते. मग 12 महिने पुन्हा नोटीस देता येत नाही आणि त्या वर्षात लीज आणखी आटते. मालकाने प्रतिनोटीस दिलीच नाही तर लीजधारकाला सहा महिन्यांच्या आत काउंटी कोर्टात जाऊन नोटिशीतल्या अटींवर लीज मागता येते. मालकाचा पत्ताच लागत नसेल, तरीही कोर्टाचा मार्ग आहे.

शेवटी जुनी लीज संपवून नवी दिली जाते, कर्ज देणाऱ्या बँकेला कळवले जाते आणि लँड रजिस्ट्रीत नोंद होते.

मालकाशी परस्पर ठरवले तर?

तेही चालते आणि कधी कधी लवकर, कमी खर्चात होते. पण अशा प्रस्तावात 90 वर्षांची भर मिळेलच असे नाही. अनेकदा ‘लीज पुन्हा 99 किंवा 125 वर्षांची करून देतो’ असे सांगितले जाते. 75 शिल्लक असताना 99 करून मिळणे म्हणजे हाती 24 वर्षेच आली. कायदेशीर मार्गाने तीच लीज 165 वर्षांची झाली असती. भुईभाड्याचीही मेख असते. 30 जून 2022 पासून लागू झालेल्या कायद्यामुळे वाढीव वर्षांसाठी भुईभाडे लावता येत नाही, पण जुन्या लीजच्या शिल्लक वर्षांसाठी ते चालू ठेवता येते. ‘प्रीमियम कमी करतो, भाडे तेवढे राहू द्या’ या गोड प्रस्तावाचा हिशेब म्हणून सर्व्हेअरकडून करून घ्यावा. परस्पर बोलणी चालू असताना वर्षेही थांबत नाहीत. 80 जवळ आलेल्या लीजधारकाला बोलण्यात गुंतवून ठेवणे मालकाच्या फायद्याचेच असते.

फ्लॅट विकायचा असेल तर?

विक्रेता सेक्शन 42 नोटीस देऊन तिचा लाभ खरेदीदाराच्या नावे करू शकतो. दोन वर्षांची अट होती तेव्हा हा मार्ग अपरिहार्य होता. आता खरेदीदार स्वतःही नोटीस देऊ शकतो, पण लीज 80 च्या काठावर असेल तर विक्रेत्याने आधीच नोटीस देण्याचा फायदा उरतोच. नोटिशीचा लाभ फ्लॅटच्या हस्तांतरणासोबत, एकाच वेळी द्यावा लागतो. आधी फ्लॅट आणि मागाहून नोटीस असे केल्यास ती निरुपयोगी होते.

नवा कायदा काय म्हणतो?

24 मे 2024 रोजी ‘लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म अॅक्ट’ला राजमान्यता मिळाली. त्यात 90 ऐवजी 990 वर्षांची वाढ आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द केली आहे, हिशेबात धरायच्या भुईभाड्यावर घराच्या किमतीच्या 0.1 टक्के अशी मर्यादा घातली आहे आणि मालकाचा खर्च सहसा मालकानेच सोसायचा आहे. वरच्या उदाहरणात 75 वर्षांच्या लीजचा प्रीमियम, तेच दर कायम राहिल्यास, 20,500 वरून 11,000 पौंडांच्या घरात येईल.

पण कायदा मंजूर होणे वेगळे आणि लागू होणे वेगळे. दोन वर्षांची अट रद्द करण्यासारख्या काही तरतुदी लागू झाल्या आहेत. प्रीमियमच्या हिशेबाचे नवे नियम मात्र सरकारने स्वतंत्र आदेशाने लागू करायचे आहेत आणि त्यासाठीचे दरही सरकारच ठरवणार आहे. कायद्यात गंभीर त्रुटी राहिल्या असून त्या दुरुस्त कराव्या लागतील, असे गृहनिर्माण मंत्री मॅथ्यू पेनीकुक यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले. दुसरीकडे मोठ्या जमीनमालकांनी मालमत्तेच्या हक्कावर घाला येतो म्हणून कायद्याला आव्हान दिले. हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये ते फेटाळले.

मग थांबावे की आताच नोटीस द्यावी?

याचे उत्तर शिल्लक वर्षांवर आणि गरजेवर अवलंबून आहे.

90 किंवा त्याहून अधिक वर्षे शिल्लक असतील आणि फ्लॅट विकायचा नसेल, तर थांबण्यात फारसा तोटा नाही.

81 ते 83 च्या दरम्यान असाल तर जोखीम मोठी आहे. आज नोटीस दिली तर मॅरेज व्हॅल्यू लागतच नाही, त्यामुळे नव्या कायद्यातून मिळणारा मोठा फायदा आधीच पदरात आहे. थांबलात, 80 ची रेषा ओलांडली आणि कायदा तोवर लागू झाला नाही, तर आपल्या उदाहरणात सात-आठ हजार पौंडांचा फटका आहे.

80 च्या खाली गेलेल्यांचे गणित उलटे आहे. 79 वरून 75 वर येताना प्रीमियम वर्षाला सुमारे 900 पौंडांनी वाढला. कायदा लागू झाला तर मात्र 9,500 पौंड वाचतील. घाई नसलेल्याला दोन-तीन वर्षे थांबणे परवडू शकते. पण कर्जाची मुदत संपत असेल, फ्लॅट विकून भारतात परतायचे असेल किंवा वर्षे 60 च्या आसपास आली असतील, तर थांबण्याची किंमत निराळ्याच ठिकाणी मोजावी लागते. गिऱ्हाईक मिळत नाही किंवा बँक नवे कर्ज देत नाही. एकदा नवी लीज सही झाली की नंतर कायदा स्वस्त झाला म्हणून दिलेले पैसे परत मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

इमारतीतील किमान निम्मे फ्लॅटधारक एकत्र आले तर मुदतवाढीऐवजी फ्रीहोल्डच विकत घेण्याचाही मार्ग आहे. इंग्लंड आणि वेल्समधील लीजधारकांना ‘लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिस’ ही सरकारी अनुदानावर चालणारी संस्था मोफत प्राथमिक सल्ला देते. नोटीस देण्यापूर्वी नव्या तरतुदी लागू झाल्या आहेत का, हे तिथे किंवा सॉलिसिटरकडे विचारून घ्यावे. त्याआधीचे काम मात्र घरबसल्या होण्यासारखे आहे. लीजची प्रत काढायची, पहिल्या पानावरची तारीख आणि मुदत पाहायची आणि किती वर्षे उरली, ते मोजायचे.